लो-फ्रिक्वेन्सीवरचा अनोळखी सिग्नल: शोध कुठून सुरू करायचा आणि कुठे चुकतो

वॉटरफॉलवर (वेळेबरोबर सरकत जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रावर) १८ किलोहर्ट्झच्या आसपास एक रेघ उमटली की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "ही पाणबुड्यांना संदेश देणाऱ्या नौदलाच्या स्टेशनची का?" आणि पुढच्या पाच मिनिटांत लूप (तारेच्या वेढ्यांची चौकोनी अँटेना) घेऊन मंडळी गच्चीवर पोचतात. क्रम इथेच उलटा होतो. अनोळखी सिग्नल आधी रिसीव्हरमध्ये शोधायचा, मग घरात, मग गल्लीत आणि सर्वांत शेवटी क्षितिजापलीकडे. दिशा मोजण्याचं काम शेवटच्या टप्प्यातलं आहे. ते आधी केलं तर स्वतःच्याच मोबाइल चार्जरचा कोन नकाशावर आखला जातो.

खालचा क्रम ३ ते ३०० किलोहर्ट्झसाठी आहे. उदाहरणं इंदूरची आहेत. ग्वाल्हेर किंवा बडोद्याला फक्त कोन बदलतील. सगळं काम ऐकण्याचं आहे, यात प्रक्षेपण कुठेही नाही.

## तयारी: काय काय लागेल

रिसीव्हर. ४८ किलोहर्ट्झपर्यंत पाहायचं असेल तर ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने घेणारं, साउंड कार्ड पुरतं, १९२चं असेल तर ९६ किलोहर्ट्झपर्यंत दिसतं. बाजारात मिळणारे स्वस्त यूएसबी ऑडिओ डोंगल बहुधा ४८ वरच थांबतात, म्हणजे वरची मर्यादा २४. बरेच जण इथेच फसतात: सॉफ्टवेअरमध्ये १९२ निवडता येतं, विंडोज आपल्या मनाने नमुने वाढवून देतं आणि २४ च्या वर नुसता काळोख दिसतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये त्या इनपुटचा खरा दर पाहून घ्या. आरटीएल-एसडीआर व्ही३ हा यूएसबी रिसीव्हर डायरेक्ट सॅम्पलिंगवर साधारण ५०० किलोहर्ट्झपासून वर ठीक चालतो. त्याच्या खाली त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

लूप. प्रत्येकी ८५ सेंटीमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या जोडल्या की ६० सेंटीमीटर बाजूची चौकट होते. तिच्यावर २६ गेजच्या इनॅमल वायरचे ४० वेढे द्या. तार ९६ मीटर लागते, वजन दीडशे ग्रॅमच्या आत. इंदुरात महाराणी रोडवर किंवा मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडे ती वजनावर मिळते. मल्टिमीटरवर रोध १० ओहमच्या आसपास यायला हवा. खूपच कमी आला तर इनॅमल कुठेतरी सोललं गेलंय आणि वेढे एकमेकांना चिकटलेत. इंडक्टन्स साधारण ३ मिलिहेन्री भरतो. ६० किलोहर्ट्झच्या वर काम करायचं असेल तर १० वेढ्यांची वेगळी चौकट करा, कारण ४० वेढ्यांची चौकट तिथे स्वतःच्याच कपॅसिटन्समुळे बिघडू लागते.

जोडणी. लूपचं एक टोक ग्राउंडला जोडा, दुसरं १ किलोओहमच्या रोधातून पुढे न्या. रोधाच्या पुढे, त्या तारेपासून ग्राउंडकडे १.५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्यानंतर मालिकेत १० मायक्रोफॅरड लावा आणि मग माइक इनपुट. पहिल्या दोघांमुळे १०० किलोहर्ट्झच्या वरचं, मुख्यतः मध्यम लहरींचं, बरंचसं अडतं. १० मायक्रोफॅरड हवाच, कारण माइक इनपुटवर दोन-तीन व्होल्टचा डीसी असतो आणि तो लूपमधून वाहायला नको. इलेक्ट्रोलिटिक असेल तर धन टोक माइककडे.

सावधान: लूपला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायचं असेल तर कुठेतरी २ सेंटीमीटरची फट ठेवा. फॉइलचं पूर्ण वर्तुळ झालं की तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि सिग्नल गायब होतो.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर फक्त काढून चालणार नाही, तो बोर्डावरूनही उपटा. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल; स्पेक्ट्रम लॅब या कामाला सोयीचं आहे. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला ६५५३६ बिंदूंचा एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सीच्या खान्यांत वाटणारं गणित) ठेवला की प्रत्येक खाना सुमारे दीड हर्ट्झचा होतो. ओळख पटवायला तेवढी बारकाई लागते.

## टप्पा १: हात न लावता चोवीस तास नोंद

सिग्नल दिसताच वायरी हलवायला सुरुवात करू नका. वॉटरफॉल एक दिवस-रात्र चालू ठेवा आणि चार गोष्टी लिहा: नेमकी फ्रिक्वेन्सी, रुंदी, सुरू-बंद होण्याच्या वेळा, आणि रेघ सरळ राहते की सरकते.

यातल्या वेळा सगळ्यात जास्त बोलतात. संध्याकाळी दिवेलागणीला सुरू होऊन रात्री अकराला बंद होणारा सिग्नल एलईडी बल्बच्या ड्रायव्हरचा. रात्री जेवणं आटोपल्यावर सुरू आणि पहाटे बंद असेल तर गल्लीत कुणीतरी ई-रिक्षा चार्ज करतंय. उन्हं वर आल्यावर उगवणारा आणि ढग आला की हलणारा असेल तर सोलर इन्व्हर्टर. नर्मदेचं पाणी येण्याच्या वेळी उगवून तासाभरात मावळत असेल तर व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालणारा पंप. नोंदवहीत वीज जाण्याच्या वेळाही लिहा. वीज गेल्यावरही सिग्नल टिकला तर ती फुकट मिळालेली चाचणी असते.

रेघेचा स्वभावही पाहा. अचूक घड्याळावर चालणारं दूरचं स्टेशन दिवसभरात हर्ट्झभरही हलत नाही. चार्जर-ॲडॅप्टरमधला स्विचिंग सप्लाय तापमान आणि व्होल्टेजबरोबर शेकडो हर्ट्झ सरकतो, सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं तर जास्तच. त्याच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झच्या अंतरावर पिल्लं दिसली तर तो मेन्सवर चालतोय हे नक्की.

एकसारख्या अंतरावर अनेक रेघा असतील तर रेघांमधलं अंतर मोजा. ६२.४, १२४.८, १८७.२ अशी रांग असेल तर मूळ ६२.४ किलोहर्ट्झ. दहावी रेघ सापडली तर तिच्यावरून मूळ फ्रिक्वेन्सी दहापट अचूक निघते.

## टप्पा २: सिग्नल खरा आहे की रिसीव्हरचा भास

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण भासाचा पाठलाग करून कुणीच कुठे पोचत नाही.

२.१ अँटेना काढा. इनपुट उघडं सोडू नका, लूपच्या जागी १० ओहमचा रोध लावा. रेघ तशीच राहिली तर ती लॅपटॉपच्या आतली. नेमक्या १ किंवा ८ किलोहर्ट्झच्या पटीत रेघा दिसल्या तर त्या यूएसबीच्या आहेत. पडद्याचा उजेड कमी-जास्त करून पाहा. रेघ हलली तर ती बॅकलाइटची.

२.२ सॅम्पलिंगचा दर बदला. एखाद्या ड्रायव्हरची रेघ ७७.८ किलोहर्ट्झवर आहे आणि तुम्ही ९६ वर सॅम्पलिंग करताय असं धरा. कार्डाचा फिल्टर कच्चा असेल तर ती ९६ वजा ७७.८, म्हणजे १८.२ वर दिसेल. १८.२ किलोहर्ट्झ ही तमिळनाडूतल्या विजयनारायणम इथल्या नौदलाच्या व्हीटीएक्स स्टेशनची फ्रिक्वेन्सी. शेजारच्या बल्बला पाणबुडीचं स्टेशन समजण्याची सोय अशी होते.

सावधान: ९६ वरून ४८ वर गेलात तर हीच रेघ पुन्हा १८.२ वरच दिसेल, कारण ९६ हा ४८ चा दुप्पट आहे. म्हणून ९६ वरून ८८.२ वर जा, किंवा ४८ वरून ४४.१ वर. दोन्ही वेळा ही भासरेघ १०.४ वर उडी मारेल आणि खरं स्टेशन जागेवरच राहील. विंडोजच्या सेटिंगमधला दरही बदला, नुसता सॉफ्टवेअरमधला बदलून चाचणी होत नाही.

२.३ ओव्हरलोड तपासा. अँटेनाच्या मार्गात १० डेसिबेलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. खरा सिग्नल १० ने पडतो. २० किंवा ३० ने पडला तर दोन बलवान स्टेशनं रिसीव्हरमध्ये मिसळून तो तयार झालाय. आपल्याकडे मध्यम लहरींची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. त्यामुळे अशा भासाची फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळा ९ च्या पटीत येते: ९, १८, २७, ३६. रेघ बरोबर १८.०० वर असेल तर आधी हीच शंका घ्या. ६४८ किलोहर्ट्झच्या आकाशवाणी इंदूरसारखं दणकट प्रक्षेपण जवळ असेल तर वरचा फिल्टर एकेरी पुरत नाही, तसाच आणखी एक लावा.

पडताळणी: तिन्ही चाचण्यांत रेघ खरी ठरली तरच पुढे जा.

## टप्पा ३: घर

घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. लिफ्टमध्ये कुणी नाही, आणि ऑक्सिजन मशीनसारखं काही चालू नाही, याची खात्री करा. फ्रीज पंधरा मिनिटं बंद राहिला तर काही बिघडत नाही.

१. बॅटरीवरचा लॅपटॉप आणि लूप खोलीच्या मधोमध ठेवा. पातळी लिहा.

२. घरचा इन्व्हर्टर आधी बंद करा, त्याच्याच बटणाने. मग मेन स्विच. ही अदलाबदल झाली की चाचणी वाया जाते: मेन गेला की इन्व्हर्टर लगेच चालू होतो आणि पुष्कळदा तोच मूळ उपकरणापेक्षा जास्त गोंगाट करतो. राउटरचा छोटा यूपीएस आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची बॅटरी हमखास विसरली जाते.

३. दोन मिनिटं थांबा. काही ॲडॅप्टर कपॅसिटरवर थोडा वेळ धुगधुगत राहतात.

४. सिग्नल गेला? मग एमसीबी एकेक करून चालू करा, प्रत्येकाला तीस सेकंद. ज्या सर्किटवर तो परत आला, तिथली एकेक पिन उपटा. नुसतं बटण बंद करू नका, कारण बटण फेजच तोडतं आणि न्यूट्रलवरून गोंगाट फिरत राहतो.

५. सिग्नल राहिला, पण कमी झाला? मग तो बाहेरून वायरिंगमधून येतोय.

दोषी सहसा एखादा चार्जर, बल्ब किंवा इंडक्शनची शेगडी निघते. शेगडी साधारण २० ते ३५ किलोहर्ट्झमध्ये काम करते आणि आच बदलली की रेघ सरकते, त्यामुळे ती लपून राहत नाही. उपायाबद्दल एक गैरसमज मात्र चिवट आहे. वायरीवर बसवायचे फेराइटचे क्लिप इथे निरुपयोगी आहेत. ते मेगाहर्ट्झसाठी असतात, ६० किलोहर्ट्झला त्यांचा अडथळा नसल्यासारखाच. जास्त पर्मिएबिलिटीच्या रिंगवर फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून वीसेक वेढे दिले तर फरक पडतो. त्याहून सोपं म्हणजे ॲडॅप्टर बदलणं. राउटरसाठी जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय लावला की कटकट मिटते.

## टप्पा ४: गल्ली

इथे मोठा लूप घेऊन फिरू नका. खिशातला मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर ५३० ते ६०० किलोहर्ट्झमध्ये रिकाम्या जागी लावा, कारण स्विचिंग सप्लायचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या रेघा) तिथवर पोचतात. आतली फेराइटची काडी बहुतेक सेटमध्ये वरच्या कडेला आडवी असते. तिचं टोक ज्या दिशेला धरल्यावर खरखर सगळ्यात कमी होते, त्या रेषेवर उगम असतो, पुढे किंवा मागे.

उगमाजवळ येत जाल तसं वरच्या फ्रिक्वेन्सीवर जा. कमी फ्रिक्वेन्सीचा गोंगाट तारांवरून अख्ख्या गल्लीत पसरतो आणि प्रत्येक खांब गुन्हेगार वाटतो. वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट उगमापाशीच विरतो. ६०० वर सगळीकडे ऐकू येणारी खरखर १६०० वर फक्त दोन घरांसमोर येत असेल तर शोध त्या दोन घरांपुरता उरला.

मग दार वाजवायचं. सुदामा नगर असो की रामबाग, तक्रारीच्या सुरात बोलणी फिसकटतात. "काकू, जिन्यातला बल्ब पाच मिनिटं बंद ठेवाल का? रेडिओत खरखर येतेय, ती आमच्याकडून येतेय की इथून, तेवढंच बघायचंय." सोबत चांगल्या कंपनीचा नवा बल्ब न्या. जुना काढून तो लावून दिला की मामला तिथेच संपतो.

रुंद, सगळ्या पट्ट्यावर पसरलेली आणि १०० हर्ट्झच्या घरघरीची खरखर वेगळी. ती उन्हाळ्यात वाढते आणि पहिल्या जोरदार पावसानंतर कमी होते, कारण इन्सुलेटरवरची धूळ धुतली जाते. म्हणजे खांबावर कुठेतरी ठिणगी पडतेय. खांबाचा क्रमांक किंवा जवळची खूण लिहून वीज कंपनीला कळवा.

सावधान: खांबाला काठीने ठोकून ठिणगी शोधण्याचा प्रकार कुणी सुचवला तर ऐकू नका. ११ केव्हीच्या तारांखाली लूप उंच धरू नका. मे-जूनमध्ये गडगडाट ऐकू आला की गच्चीवरून खाली या.

## टप्पा ५: दूरचा सिग्नल आहे, हे सिद्ध करणं

शहराबाहेर जा. खंडवा रोडने सिमरोळ ओलांडून चोरळच्या बाजूला शांत जागा सापडतात, पण अतिदाब वाहिनीपासून किमान अर्धा किलोमीटर लांब थांबा. गाडी बंद, मोबाइल चार्जिंग बंद. तोच लूप, तीच केबल, तीच सेटिंग. सिग्नल गायब झाला तर तो शहरातला, टप्पा ४ वर परत जा. पातळी तितकीच राहिली आणि पार्श्वभूमी शांत झाल्याने तो उलट स्वच्छ दिसायला लागला, तर तो खरोखर लांबचा.

आता ओळख. नौदलांची स्टेशनं रेघेसारखी नाही तर सुमारे २०० हर्ट्झ रुंद पट्ट्यासारखी दिसतात: १८.२ व्हीटीएक्स, १९.८ ऑस्ट्रेलियाचं एनडब्ल्यूसी, २२.२ जपानचं जेजेआय. रशियाच्या अल्फा या दिशादर्शन प्रणालीच्या ११.९०५, १२.६४९ आणि १४.८८१ किलोहर्ट्झवर ०.४ सेकंदांचे तुकडे असतात आणि ३.६ सेकंदांनी घडी पुन्हा सुरू होते. दर सेकंदाला पातळी खाली पडणारी रेघ ४० किंवा ६० वर असेल तर जपानची वेळ सांगणारं जेजेवाय, ६८.५ वर असेल तर चीनचं बीपीसी. १९० च्या वर एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना १०२० हर्ट्झवर मोर्समध्ये दोन-तीन अक्षरं येत असतील तर तो विमानांसाठीचा एनडीबी. एएम मोडवर ठेवा, अक्षरं कानानेच कळतील.

नौदलांच्या सिग्नलची ओळख पटली की थांबा. आतला मजकूर फोडण्याच्या नादी लागू नका.

रात्री १.७ किलोहर्ट्झच्या जवळ येऊन वाकणाऱ्या, टिंग असा आवाज करणाऱ्या खुणा दिसल्या तर त्या विजेच्या लोळाच्या. जमीन आणि आयनमंडल यांच्यामधल्या सुमारे ८८ किलोमीटरच्या पोकळीतून त्या येतात आणि त्या पोकळीची खालची मर्यादा तिथे पडते. यंत्राने केलेला सिग्नल कधीच असा वाकत नाही.

## टप्पा ६: दिशा

लूप लाकडी स्टुलावर, जमिनीपासून दीड मीटर. गच्चीवर मोजू नका, स्लॅबमधल्या सळया कोन बिघडवतात आणि मोबाइलचं होकायंत्रही. मोकळ्या मैदानात सकाळी दहा ते दुपारी तीन ही वेळ धरा. रात्री आकाशातून परतलेली लहर मिसळते आणि शून्यदिशा (सिग्नल सगळ्यात कमी होतो ती दिशा) धूसर होते. सूर्योदय-सूर्यास्ताच्या आगेमागे तासभर तर हात लावू नका.

कमाल पातळीची दिशा मोजणं ही नेहमीची चूक. ती इतकी पसरट असते की वीस अंशांनी चुकाल. शून्यदिशा काही अंशांत मिळते. सिग्नल सगळ्यात खाली पडतो तेव्हा लूपचं तोंड, म्हणजे खिडकीतून आरपार पाहावं ती दिशा, स्टेशनकडे असते किंवा बरोबर पाठीमागे.

अनोळखी सिग्नलआधी ओळखीच्यांवर हात बसवा. इंदूरहून व्हीटीएक्स १७२ अंशांवर, सुमारे १६०० किलोमीटर. एनडब्ल्यूसी १३७ अंशांवर, जेजेआय ६६ अंशांवर. इंदुरात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान आहे.

पडताळणी: या तिघांपैकी जी दोन चालू सापडतील त्यांचे कोन ५ अंशांच्या आत जुळले नाहीत तर जागा बदला. तिघांत सारखीच चूक येत असेल तर होकायंत्र लूपवर तिरकं बसलंय.

दुसऱ्या शहरातल्या मित्राशी कोन जुळवताना शहर विचार करून निवडा. दक्षिणेकडच्या व्हीटीएक्ससाठी बडोद्याचा कोन १६२ अंश येतो. इंदूरच्या रेघेशी तो फक्त १० अंशांनी छेदतो, आणि दोघांची प्रत्येकी ५ अंशांची चूक धरली तर छेदबिंदू कुठेही जाऊ शकतो. ५ अंश म्हणजे १६०० किलोमीटरवर १४० किलोमीटर. ग्वाल्हेर इंदूरपासून साडेचारशे किलोमीटर ईशान्येला आहे. त्यामुळे वायव्येच्या किंवा आग्नेयेच्या सिग्नलला ती जोडी बरी, दक्षिणेच्या सिग्नलला नाही. हाताने बनवलेल्या लूपवरून प्रदेश कळतो, पत्ता कळत नाही. पत्ता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

## टप्पा ७: कळवण्याआधी

सिग्नल हॅम (हौशी रेडिओ) बँडला त्रास देत असेल आणि उगम तुमच्या आवाक्याबाहेरचा असेल तर दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. तिकडे "विचित्र आवाज येतो" असं लिहून उपयोग नाही. फ्रिक्वेन्सी हर्ट्झपर्यंत, रुंदी, दोन जागांच्या पातळ्या, टप्पा २ च्या तिन्ही चाचण्यांचे निकाल आणि वॉटरफॉलचं चित्र, इतकं द्या.

फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि सॅम्पलिंगचा दर घाला. वेळ यूटीसीत लिहा, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदीला तारीख आदल्या दिवसाची लागते, आणि दोन शहरांच्या नोंदी न जुळण्याचं कारण निम्म्या वेळा हेच असतं.